हात न लावता केलेली बळजबरी

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि दख्खनचा कारभार माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनकडे आला. पुढच्याच वर्षी त्यानं या नव्यानं जिंकलेल्या मुलखाचा अहवाल गव्हर्नर जनरलला पाठवला. जमीन, पोलीस, न्याय अशा सगळ्या बाबींचा त्यात तपशील आहे आणि ओघात कर्जवसुलीच्या इथल्या रीतीचंही वर्णन आहे. सावकार ऋणकोकडे तगादा लावत असे. हा तगादा म्हणजे नुसतं दारावर येऊन मागणं नव्हे. ऋणकोवर पहारा बसवायचा, त्याला जेवू द्यायचं नाही, मान आणि पाय एकत्र बांधून टाकायचं, डोक्यावर जड धोंडा देऊन भर उन्हात एका पायावर उभं करायचं, इथपर्यंत त्याच्या पायऱ्या होत्या. ज्याच्या अंगी हे करण्याची ताकद आहे त्याला सरकार सहसा अडवत नसे. कर्जच नाकबूल असेल तरच ते मध्ये पडे.

आज बँकेचे तीन फोन आले तरी आपण तगादाच म्हणतो. शब्द तोच राहिला, त्यातला धोंडा गेला. बळजबरीच्या मराठी शब्दांपैकी बऱ्याच शब्दांचं असं झालं आहे. ते रोजच्या बोलण्यात इतके झिजलेत की त्यांच्या पोटात काय होतं हे जाणवत नाही.

‘जबरदस्त’ घ्या. फारसीत ‘ज़बर’ म्हणजे वर आणि ‘दस्त’ म्हणजे हात. ज्याचा हात वर तो जबरदस्त आणि त्यानं केली ती जबरदस्ती. हाच दस्त ‘दस्तखत’ आणि ‘दस्तऐवज’ या शब्दांत आहे. ‘बळजबरी’तला ‘जबर’ मात्र मुळात दुसराच. तो अरबी ‘जब्र’वरून आला. या अरबी धातूचा एक अर्थ मोडलेलं हाड नीट बसवणं, मोडलेलं पूर्ववत करणं असा आहे. दुसरा अर्थ एखाद्याला भाग पाडणं. पहिल्या अर्थातून नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मीच्या ग्रंथाच्या नावात ‘अल-जब्र’ आला आणि त्यातून युरोपीय भाषांचा ‘अल्जिब्रा’ झाला. दुसऱ्या अर्थातून हिंदी-उर्दूतला ‘मजबूर’ निघाला. फारसी ‘ज़बर’ आणि अरबी ‘जब्र’ मराठीत आले, ज आणि ज़ यांतला फरक लिहिण्यात मिटला आणि दोघं एकमेकांत मिसळून गेले.

‘सक्ती’ फारसी ‘सख्त’मधून आली. सख्त म्हणजे कठीण, टणक. न्यायाधीश सक्तमजुरी सुनावतो, ईडीला मराठी वर्तमानपत्रं सक्तवसुली संचालनालय म्हणतात आणि उच्च न्यायालय एखाद्या आरोपीवर सक्तीची कारवाई करू नका असं पोलिसांना बजावतं, तेव्हा हाच शब्द राबत असतो. त्याला सरकारी वजन आहे. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण ‘सक्तीचं’ केलं तेव्हा त्या शब्दाला काळिमा नव्हता. इंग्रजी ‘कोअर्शन’चं मूळही असंच राज्यसत्तेजवळचं आहे. लॅटिन ‘कोएर्सेरे’ म्हणजे कोंडून ठेवणं, आवरून धरणं. त्यातला ‘आर्सेरे’ म्हणजे बंद करणं, दूर रोखणं. दंगेखोराला आवर घालणारं राज्य असा त्याचा सुरुवातीचा रोख. आयर्लंडमधली अशांतता दडपायला ब्रिटिश पार्लमेंटनं १८३३ मध्ये केलेला कायदाही लोकांच्या तोंडी ‘कोअर्शन अ‍ॅक्ट’ म्हणूनच राहिला.

म्हणजे शब्दांच्या मुळाशी गेलं की हात दिसतो, कोंडवाडा दिसतो, टणकपणा दिसतो. सगळं अंगाला लागणारं. बळजबरीची व्यवहारातली कल्पनाही बराच काळ अशीच होती: मारलं असेल, बांधलं असेल, कोंडलं असेल तर ती बळजबरी. पण माणसाला वाकवायला अंगाला हात लावावाच लागतो असं नाही. हे समाजाला फार पूर्वीपासून ठाऊक होतं. कायद्याला ते कळायला वेळ लागला आणि त्या उशिराची किंमत नेहमी दुबळ्यानंच मोजली.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ही ओढाताण एकाच ठिकाणी सापडते. धनकोनं आपलं येणं वसूल करण्याचे पाच मार्ग तिथे सांगितलेत. समजावणी, न्यायालयीन दावा, युक्ती, ‘आचरित’ आणि शेवटचा बळ. त्याच अध्यायात पुढे असंही म्हटलंय की बळानं दिलेलं, बळानं उपभोगलेलं आणि बळानं लिहून घेतलेलं सगळं न केल्यासारखंच समजावं. सावकाराला बळ वापरण्याची मुभा आहे, बळानं झालेला व्यवहार मात्र रद्द आहे. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली की बळ कुणाच्या हातात आहे यावर नियम ठरत होता असं वाटल्याशिवाय राहत नाही.

या यादीतलं ‘आचरित’ म्हणजे काय? पुष्कळ अभ्यासक त्याचा संबंध ऋणकोच्या दारात बसून उपास करण्याशी जोडतात. तेच आपलं धरणं. अठराव्या शतकाच्या अखेरीस बनारसला राहिलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याचं जवळून वर्णन केलं आहे. हातात विष किंवा खंजीर घेऊन ब्राह्मण दारात बसे. घरातला माणूस त्याला ओलांडून बाहेर पडला किंवा त्याला उठवायला गेला तर तो जीव देण्याची धमकी देई. ब्राह्मण उपाशी असेपर्यंत घरातल्यानंही जेवायचं नाही असा संकेत होता. ब्रह्महत्येचं पाप माथी येईल या भीतीनं दरवाजा उघडा असूनही माणूस घरात कोंडला जाई. कंपनी सरकारनं १७९५ मध्ये बनारस प्रांतात या प्रकाराला बंदी घातली. मराठी मुलखात हा प्रकार फक्त ब्राह्मणांपुरता नव्हता. १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत इंग्रज वकिलाच्या संरक्षक तुकडीचा प्रमुख म्हणून राहिलेल्या टॉमस ब्रॉटननं आपल्या पत्रांत धरण्याची हकीकत लिहून ठेवली आहे. पगार थकले की शिपाई आपल्याच सरदाराला किंवा कारभाऱ्याला धरणं धरून अडकवून ठेवत.

त्याच्या पुढची पायरी त्रागा. आज मुलानं ताट ढकललं तरी आई म्हणते, त्रागा करू नकोस. जुना त्रागा रक्ताचा असे. भाट, चारण किंवा ब्राह्मण स्वतःच्याच अंगावर वार करून घेई, प्रसंगी घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा किंवा मुलाचा जीव घेई, आणि ते पाप समोरच्याच्या माथी मारी. मोल्सवर्थच्या मराठी कोशात हा अर्थ नोंदला आहे. समोरच्याला बोटही न लावता त्याच्याकडून हवं ते करून घ्यायचं, हे सूत्र इतकं टोकाला गेलेलं दुसरीकडे क्वचितच सापडेल.

१८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कर्त्यांपुढे हाच पेच होता. दारात गप्प बसलेल्या उपाशी माणसानं गुन्हा काय केला? त्यांनी ५०८ वं कलम लिहिलं: दैवी कोपाची भीती घालून कुणाला काही करायला लावणं हा गुन्हा. कलमाखाली दोन उदाहरणं दिली. पहिलं, दारात धरणं धरून बसणाऱ्याचं. दुसरं, तू अमुक केलं नाहीस तर मी माझंच मूल मारीन अशी धमकी देणाऱ्याचं. दुसऱ्या उदाहरणात त्रागा हा शब्द नाही, पण चित्र त्याचंच आहे. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ३५४ व्या कलमात हा गुन्हा अजून आहे. मोबाइलच्या काळातल्या फौजदारी कायद्यात पेशवाईतला धरणेकरी तसाच बसून आहे.

बारा वर्षांनी, १८७२ मध्ये, करार कायदा आला. त्याचं पंधरावं कलम जबरदस्तीची व्याख्या करतं. दंड संहितेनं मना केलेलं कृत्य करणं किंवा करण्याची धमकी देणं, कुणाची मालमत्ता बेकायदा अडकवून ठेवणं किंवा तशी धमकी देणं, आणि हे सगळं कुणाला तरी कराराला राजी करण्याच्या हेतूनं. असा करार, ज्याच्यावर जबरदस्ती झाली त्याला रद्द करवून घेता येतो. या व्याख्येत एक बारीक पण फार मोलाची गोष्ट आहे. धमकी करार करणाऱ्यालाच दिलेली असावी लागते असं नाही. नुकसान ‘कोणाचंही’ चालतं.

त्या ‘कोणाचंही’ची कसोटी मद्रास उच्च न्यायालयात लागली. १८८९ च्या एका खटल्यात तेरा वर्षांची विधवा होती. तिच्या नवऱ्याचं प्रेत घरात होतं आणि दत्तक घेतल्याशिवाय नातेवाईक ते हलवू देईनात. तिनं दत्तक घेतला. तिला कुणी मारलं नव्हतं, कोंडलं नव्हतं. न्यायालयानं तो दत्तक रद्द ठरवला. प्रेत अडवणं दंड संहितेप्रमाणे गुन्हाच होता. पुढे १९१७ मध्ये त्याच न्यायालयापुढे त्याहून अवघड प्रश्न आला. एका नवऱ्यानं बायकोला आणि मुलाला सांगितलं की माझ्या भावाच्या नावे हक्कसोड लिहून द्या, नाहीतर मी जीव देतो. त्यांनी लिहून दिलं. ही जबरदस्ती झाली का? आत्महत्येचा प्रयत्न तेव्हा शिक्षापात्र होता, पण जीव देणारा गेल्यावर शिक्षा कुणाला करणार? शिवाय नवरा स्वतःलाच इजा करू म्हणत होता. तीन न्यायाधीशांपैकी दोघांनी म्हटलं की शिक्षा देता येत नसली तरी आत्महत्या कायद्याला मना आहेच, म्हणून धमकी ही जबरदस्ती. तिसऱ्यानं वेगळं मत दिलं. दस्त रद्द झाला.

घराघरांतून ही धमकी किती वेळा दिली जाते, लग्न ठरवताना, वाटणीच्या वेळी, बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेताना, हे सांगायला आकडे लागत नाहीत. विहिरीकडे निघालेल्या म्हाताऱ्या बापामागे धावलेली आणि मग तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात मुकाट्यानं अंगठा उठवलेली लेक महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाला परकी नाही. तिनं स्वखुशीनं दिलं असं दस्तात लिहिलेलं असतं.

स्वतःचा जीव पणाला लावून दुसऱ्याला हलवण्याचा आणखी एक प्रकार विसाव्या शतकात राजकारणात आला. २० सप्टेंबर १९३२ ला येरवडा तुरुंगात महात्मा गांधींनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध आमरण उपोषण सुरू केलं. चार दिवसांनी, २४ सप्टेंबरला, पुणे करार झाला. डॉ. आंबेडकरांनी त्यावर सही केली. पुढे १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं याची झडती घेणाऱ्या आपल्या पुस्तकात त्यांनी या उपोषणात उदात्त काही नव्हतं, असहाय लोकांवरची ती सर्वांत वाईट जबरदस्ती होती, असं स्वच्छ लिहिलं. या वाक्याकडे राग म्हणून पाहणं चूक आहे. आंबेडकर बॅरिस्टर होते. उपोषण करणाऱ्याचा प्राण गेला असता तर त्याचा दोष आणि संताप कुणावर कोसळला असता, हे त्यांना आणि देशातल्या प्रत्येक खेड्यातल्या अस्पृश्य वस्तीला ठाऊक होतं. ज्याच्याकडे नकाराची किंमत चुकवण्याची ऐपत नाही त्याच्या होकाराला संमती म्हणायचं का, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो कायद्याचाच प्रश्न आहे.

गांधींनाही तो टाळता आला नाही. मार्च १९३९ मध्ये राजकोटच्या ठाकोरांनी दिलेला शब्द मोडला म्हणून त्यांनी उपोषण केलं. व्हाइसरॉय मध्ये पडले, सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांनी गांधींच्या बाजूनं निवाडा दिला. मे महिन्यात गांधींनी तो निवाडा स्वतःहून सोडून दिला. उपोषण चालू असताना आपण व्हाइसरॉयकडे दाद मागितली, त्यात दडपण होतं, म्हणून त्यात हिंसा होती असं त्यांनी जाहीर केलं. जिंकलेली गोष्ट अशा कारणासाठी परत करणारा पुढारी दुसरा दाखवणं कठीण आहे.

साने गुरुजींनी १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषण सुरू केलं, विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून. १० मेपर्यंत ते चाललं आणि मंदिर खुलं झालं. बाहेरून पाहिलं तर येरवडा आणि पंढरपूर इथल्या कृती सारख्याच. फरक होता तो दबाव कोणत्या दिशेनं जात होता यात. पंढरपुरात तो मंदिराची किल्ली ज्यांच्या हातात होती त्यांच्यावर गेला आणि त्यांना गमवावं लागलं ते इतरांना बाहेर ठेवण्याचं बळ. येरवड्यात तो ज्यांच्याकडे आधीच काही नव्हतं त्यांच्यावर गेला. सध्याच्या न्याय संहितेला हा दिशेचा फरक दिसत नाही. आत्महत्येचा प्रयत्न तिनं गुन्ह्यांच्या यादीतून काढला, पण सरकारी अधिकाऱ्याला कर्तव्यापासून रोखण्यासाठी किंवा ते करायला भाग पाडण्यासाठी तसा प्रयत्न केला तर तो २२६ व्या कलमाखाली गुन्हा आहे. जीव देण्याची धमकी घरातल्या लेकीवर चालवली तर दिवाणी दाव्यात दस्त रद्द होईल. ती तहसीलदाराच्या दारात प्रत्यक्षात आणू पाहिली तर तुरुंग.

आता वेठ. मराठीतल्या बळजबरीच्या शब्दांत हा फार जुना. संस्कृत ‘विष्टि’, प्राकृतातून वेठ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विष्टि राज्याच्या साधनांत गणलेली आहे. इसवी सन १५० च्या सुमाराचा महाक्षत्रप रुद्रदामनाचा शिलालेख जुनागढला आहे. फुटलेलं सुदर्शन तळं पुन्हा बांधताना आपण रयतेला कर, वेठ आणि जबरीच्या देणग्या यांनी छळलं नाही, असं तो त्यात अभिमानानं नोंदवतो. न छळण्याचा अभिमान वाटावा इतकं छळणं नित्याचं होतं. विदर्भात पाचव्या शतकात वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन ब्राह्मणांना गावं दान देतो तेव्हा चम्मकच्या ताम्रपटात ते गाव सगळ्या वेठीतून मुक्त असल्याचं लिहिलेलं आहे. दानाबरोबर मिळणारी ती सवलत होती. म्हणजे सवलत नसलेल्या गावात वेठ होतीच.

शतकानुशतकं ती कुणाच्या वाट्याला आली हे महाराष्ट्राला सांगायला नको. महार वतनदारानं सरकारी टपाल पोचवायचं, वसुलाची रक्कम वाहून न्यायची, आलेल्या अंमलदाराची लाकूडफाट्यापासून सगळी सोय करायची, गावातल्या मयताचा सांगावा परगावी न्यायचा, मेलेली जनावरं ओढायची. वेळकाळ नाही. वतनदार घरी नसेल तर त्याचा बाप, भाऊ, मुलगा, घरात जो सापडेल तो धरायचा. मोबदला म्हणजे थोडी इनाम जमीन आणि गावकऱ्यांच्या मर्जीवरचं बलुतं. आणि या सगळ्याचं नाव ‘हक्क’. वतन म्हणजे मान. कुणाच्या हातात चाबूक असायची गरजच नव्हती. आजोबानं केलं, बापानं केलं, नाही म्हटलं तर बलुतं बंद आणि गाव बंद.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतनं रद्द करून जमिनी त्या कुटुंबांच्या नावे करायला सुरुवात केली. मार्च १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायदा दुरुस्तीचं विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही. मुंबई राज्यातली कनिष्ठ गावकामगार वतनं नष्ट करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. तोवर आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीची राज्यघटना लागू झालेली होती आणि तिच्या २३ व्या अनुच्छेदानं माणसांचा व्यापार, बिगार आणि तशाच स्वरूपाची सक्तीची मजुरी यांवर बंदी घातली होती. घटनेच्या इंग्रजी मजकुरातही ‘बिगार’ हाच शब्द आहे, तसाच उचलून ठेवलेला. इंग्रजीत त्याला पुरेसा शब्दच नव्हता.

पण कागद लागू झाला तरी बळजबरी ओळखायची कशी हा प्रश्न उरलाच. तो सर्वांत कठोरपणे उभा राहिला देसाईगंजला. आज हे गाव गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. २६ मार्च १९७२ च्या रात्री एका आदिवासी मुलीला घरच्या तक्रारीच्या निमित्तानं पोलीस ठाण्यात आणलं गेलं. चौकशी झाल्यावर नातेवाइकांना बाहेर जायला सांगितलं, तिला आत ठेवलं. दारं लागली, दिवे मालवले. नातेवाईक बाहेर अंधारात उभे होते. तिनं पुढे बाहेर येऊन सांगितलं की आत बलात्कार झाला. सत्र न्यायालयानं दोघा पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोषी ठरवलं. भीतीपोटी मुकाट्यानं केलेली शरणागती आणि संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्या निकालाचं म्हणणं होतं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. अंगावर जखमा नाहीत, तिनं आरडाओरडा केला नाही, म्हणून प्रतिकार झालाच नाही असा निष्कर्ष काढला.

रात्र, पोलीस ठाणं, खाकी कपडे, बंद दार आणि समोर मजुरी करणाऱ्या घरातली किशोरवयीन मुलगी. यातलं काहीच त्या तराजूत पडलं नाही. पडली ती फक्त न सापडलेली जखम. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, हाच त्याचा गाभा. त्या पत्रानंतर मुंबईपासून दिल्लीपर्यंत स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीनं संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयानं संमती नव्हती असंच गृहीत धरायचं. २०१३ च्या दुरुस्तीनं आणखी पुढे जाऊन सांगितलं की अंगानं प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही. देसाईगंजच्या त्या मुलीला मात्र या दुरुस्त्यांतून काही मिळालं नाही. तिचा निकाल तोच राहिला.

मजुरीच्या बाबतीत हीच गाठ सुटली ती दिल्लीत. १९८२ च्या आशियाई खेळांसाठी उड्डाणपूल आणि क्रीडांगणं बांधली जात होती. ओरिसा, राजस्थान, उत्तर प्रदेशातून मजूर आणले होते. किमान वेतन दिवसाला ९ रुपये २५ पैसे. त्यातला एक रुपया जमादार कापून घेत. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेनं सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि तेच याचिका मानलं गेलं. प्रश्न साधा वाटत होता. मजूर आपणहून आले, कुणी धरून आणलेले नाहीत, मग सक्ती कसली? सप्टेंबर १९८२ च्या निकालात न्यायमूर्ती भगवतींनी त्याला उत्तर दिलं. भूक आणि दारिद्र्य माणसाला पर्याय ठेवत नाहीत, तेव्हा तो किमान वेतनाहून कमी पैशात काम स्वीकारतो. ही परिस्थितीची सक्तीही सक्तीच आहे आणि असं काम २३ व्या अनुच्छेदातल्या सक्तीच्या मजुरीत मोडतं. धरून आणणाऱ्या हाताची कायद्याला त्या दिवसापासून गरज राहिली नाही.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींना हा निकाल चार दशकं उशिरा मिळाला असं म्हणावं लागेल. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि मग नवराबायकोनं त्याच्याकडे राबायचं, ते पैसे कधी फिटतच नाहीत. अशा माणसांना ‘लग्नगडी’ म्हणत. गोदावरी परुळेकरांनी १९४५ च्या उठावाची कहाणी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आणि त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तलासरी भागातल्या झरीच्या सभेत वारल्यांनी ठरवलं, वेठ करायची नाही. तो ठराव करायलाही पिढ्या गेल्या होत्या. जो पैसा घेतला त्याच्या बदल्यात आपण राबतो, हा हिशेब त्यांच्याही मनात पक्का बसवलेला होता.

आजचा लग्नगडी ऊसतोडीच्या फडात भेटतो. बीड जिल्ह्यातून, आष्टी, पाटोदा, शिरूर कासारकडून, दरवर्षी दिवाळीच्या आसपास टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. जोडप्याला ‘कोयता’ म्हणतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि वाहते. मुकादम पावसाळ्यातच ‘उचल’ देतो. ती दवाखान्यात, लग्नात, बियाण्यात संपलेली असते. हंगाम संपतो, टनाचा हिशेब होतो आणि उचल शिल्लक निघते. मग पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे. मध्ये आजारपण आलं, बाई पाळीनं किंवा बाळंतपणानं बसली तर ‘खाडा’, आणि खाड्याचे पैसे अंगावर. बीडमधल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जाण्याचं प्रमाण २०१९ मध्ये गाजलं, सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऑपरेशनच्या संमतिपत्रावर अशा बाईची सही असते. तिच्यावर कुणी हात उगारलेला नसतो. खाडा पडू नये, दुखणं एकदाचं सुटावं, डॉक्टरनं भीती घातली, दोन मुलं झालीच आहेत, अशी ती सही होते. त्या सहीला स्वखुशी म्हणणारा कायदा आणि १८८९ सालच्या तेरा वर्षांच्या विधवेचा दत्तक रद्द करणारा कायदा एकच असेल, तर त्यातला दुसराच खरा मानायला हवा.

कायद्यानं या मजुरांसाठी एक दार आधीच उघडून ठेवलं आहे. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा कर्जापोटी राबवून घेण्याची प्रथाच रद्द करतो. असं कर्ज कायद्यानं संपुष्टात येतं, त्यासाठी घेतलेली मालमत्ता परत करावी लागते. तो राबवण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यावर आहे, जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या नेमायच्या आहेत. त्याचं पंधरावं कलम तर फार थोड्या मजुरांपर्यंत पोचलं असेल. मजुरानं हे वेठीचं कर्ज आहे असं म्हटलं की ते तसं नाही हे सिद्ध करण्याचा बोजा पैसे देणाऱ्यावर पडतो. म्हणजे उचल घेतलेल्या कोयत्याला अंगावरचे वळ दाखवत बसावं लागत नाही. तहसील कचेरीत त्यानं एवढंच सांगायचं की उचल फिटेपर्यंत मला दुसरीकडे जाता येत नाही. पुढचं उत्तर मुकादमानं द्यायचं, आणि मुकादमाला ज्यानं पैसे पुरवले त्यानं.